राजधानीतील पाण्याची वाट : मुंबईच्या सहलीचा एक भूगोल-पाठ

जिल्ह्यातील शाळांच्या मुंबई-सहली बहुधा एका ठराविक चाकोरीतून जातात. गेटवे ऑफ इंडिया, तारांगण, राणीबाग, चौपाटी आणि रात्रीची परतीची गाडी असा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. मुले थकून परततात. दुसऱ्या दिवशी वर्गात "काय पाहिले?" असे विचारले, तर "उंच इमारती" आणि "समुद्र" या दोन उत्तरांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. यात मुलांचा दोष नाही. पाहिलेल्या गोष्टी एका सूत्रात ओवल्या गेल्या नाहीत म्हणजे त्या मनात टिकत नाहीत.

राजधानीत असे एक सूत्र सहज सापडते, आणि ते म्हणजे पाणी. मुंबईच्या उत्तर भागात डोंगर व अरण्य आहे. तेथे पडलेला पाऊस ओढ्यांतून वाहतो, तलावांत साठतो, तलाव भरून वाहू लागले की नदी होते आणि ती नदी थोड्याच अंतरावर खाडीस मिळते. गोदाकाठी किंवा भीमाकाठी राहणाऱ्या मुलास आपल्या नदीचा उगम आणि मुख ही दोन्ही एका सहलीत पाहावयास मिळणे अशक्यच. मुंबईत मात्र पाण्याचा हा सारा प्रवास दोन दिवसांत पायी, आगगाडीने व बसने पाहता येतो. शिवाय वाटेत उद्याने, पायवाटा व जलाशय लागत असल्यामुळे मुलांना मोकळ्या हवेत हिंडण्याचा आनंदही मिळतो. इयत्ता ४ थी ते ७ वीच्या वर्गांसाठी या पाठाची मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

पाठाचे चार प्रश्न

सहलीस निघण्यापूर्वी फळ्यावर चार प्रश्न लिहावेत आणि प्रत्येक मुलाने ते आपल्या वहीत उतरून घ्यावेत :

(१) पाऊस कोठे पडतो?
(२) तो कोठे साठतो?
(३) तो कोणत्या वाटेने वाहतो?
(४) तो समुद्रास कोठे व कसा मिळतो?

सहलीतील प्रत्येक स्थळ यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर देते. जे स्थळ यांपैकी एकाही प्रश्नाशी जोडता येत नाही, ते वेळ उरल्यास पाहावे.

वर्गातील पूर्वतयारी

एका मोठ्या पाटीत किंवा घमेल्यात मातीचा उतार करावा. उताराचा अर्धा भाग गवताच्या ढेपांनी झाकावा आणि अर्धा उघडा ठेवावा. झाऱ्याने दोन्ही भागांवर सारखे पाणी शिंपडावे. उघड्या भागावरून पाणी लगोलग व गढूळ होऊन उतरते, तर गवताच्या भागावरून ते सावकाश व बरेच स्वच्छ उतरते. नंतर पायथ्याशी बोटाने एक नाली करावी आणि तिच्या दोन्ही बाजूंस खडे ठेवून ती अरुंद करावी. पुन्हा पाणी शिंपडले की नालीतील पाणी काठावरून बाहेर पसरते. या वेळी शिक्षकांनी काही समजावून सांगू नये. मुलांनी काय पाहिले, एवढेच वहीत लिहवून घ्यावे. सहलीत हा प्रयोग पुन्हा आठवण्याचे प्रसंग येतील.

उगम, पाणलोट, जलाशय, खाडी, भरती, ओहोटी, खारफुटी हे शब्द मुलांच्या ओळखीचे करून द्यावेत. मुंबईच्या नकाशावर मुलांनी तलाव निळ्या आणि अरण्य हिरव्या रंगाने रंगवावे.

पहिला टप्पा : डोंगर आणि अरण्य

बोरीवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून ते मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या हद्दीला लागून बिबट्याचा वावर असलेले अरण्य असावे, ही गोष्ट मुलांना विलक्षण वाटते. तथापि या अरण्याचे महत्त्व केवळ वन्य प्राण्यांपुरते नाही. मुंबईत वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या पावसाचा मोठा भाग डोंगरावरील झाडी व पालापाचोळा अडवून धरतो. दहिसर व पोईसर या नद्या या डोंगरांत उगम पावतात, ओशिवरा शेजारच्या आरे परिसरातून निघते आणि मिठी याच डोंगररांगेच्या कुशीतील तलावांतून वाहू लागते. वर्गातील गवताच्या ढेपांची येथे आठवण करून द्यावी.

उद्यानात कारवीची झुडुपे विपुल आहेत. कारवीच्या कुडाची घरे पाहिलेली मुले ती लगेच ओळखतील. येथील कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८, २०१६ व २०२४ या वर्षी ती फुलली होती. पुढचा बहर कोणत्या वर्षी येईल आणि त्या वेळी आपण कोणत्या इयत्तेत किंवा कोणत्या उद्योगात असू, हे मुलांना काढावयास सांगावे. अरण्यात वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. वाघोबाला पूजणाऱ्या या लोकांचा अरण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, हेही सांगावे. शिलोंडा नावाची निसर्ग-पायवाट ओढ्यांच्या काठाने जाते. तेथे उद्यानाच्या मार्गदर्शकाखेरीज जाऊ नये.

दुसरा टप्पा : पाणी साठविण्याची जुनी व नवी रीत

उद्यानाच्या आत कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या बसाल्ट खडकात खोदलेली ही शंभराहून अधिक बौद्ध लेणी सुमारे इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजार वर्षांच्या दीर्घ काळात घडत गेली. सहलीतील मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहापाशी छायाचित्रे घेऊन परततात आणि लेण्यांतील सर्वांत शिकविण्यासारखी गोष्ट पाहावयाची राहून जाते. ती म्हणजे पाण्याची टाकी. विहारांच्या दाराशी खडकात टाकी खोदलेली आहेत आणि डोंगरउतारावरील पाणी त्यांत यावे म्हणून खडकातच पन्हळी कोरलेल्या आहेत. प्राचीन लेखांत अशा टाक्यास 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांसारख्या दात्यांची नावेही येथील शिलालेखांत आढळतात. मुलांनी एखाद्या पन्हळीवर बोट ठेवून उतारापासून टाक्यापर्यंत तिचा माग काढावा.

येथेच एक गणित घालावे. एक टाके ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर खोल आहे असे कल्पावे. त्यात १२ घनमीटर म्हणजे १२,००० लिटर पाणी मावते. १० भिक्षू दर दिवशी दर माणशी २० लिटर पाणी वापरीत असतील, तर ते ६० दिवस पुरेल. पावसाविण दिवस मात्र सुमारे २४० असतात. मग काय करावयाचे? "आणखी टाकी खोदावयाची आणि पाणी जपून वापरावयाचे," हे उत्तर मुलांच्याच तोंडून यावे. डोंगरभर पसरलेली टाकी त्यानंतर त्यांना वेगळ्या दृष्टीने दिसू लागतील.

नव्या रीतीचा आरंभही याच डोंगरांत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी व तलाव यांच्या पाण्यावर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक ही स्थलनामे त्याची साक्ष देतात. लोकसंख्या वाढली, १८५० च्या दशकात पावसाने ओढ दिली आणि पाण्यासाठी शहर हवालदिल झाले. तेव्हा विहार तलाव बांधण्यात आला. १८६० मध्ये तो पूर्ण झाला आणि नळाने पाणी देण्याची सोय मुंबईत प्रथमच झाली. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. विहार व तुळशी हे तलाव अद्यापही शहराला पाणी देतात, पण तो वाटा लहान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या पवई तलावाचे पाणी मात्र पिण्यासाठी वापरले जात नाही. विहार व तुळशी यांच्या काठी परवानगीवाचून जाता येत नाही. म्हणून ते नकाशावर दाखवावेत आणि असा निर्बंध का असावा, हे मुलांना विचारावे.

उरलेले पाणी कोठून येते, हा प्रश्न ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तानसा, मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा व भातसा हे जलाशय ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांत आहेत. तानसा १८९२ मध्ये, मोडक सागर १९५७ मध्ये आणि मध्य वैतरणा २०१४ मध्ये मुंबईच्या सेवेत आला. शहर जसजसे वाढले तसतशी त्याची तहान दूरदूरच्या खोऱ्यांपर्यंत पोहोचली. तानसा व भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती मुलांपासून लपवू नये. तिच्यावर चर्चा व्हावी. मात्र उत्तर शिक्षकांनी आधीच देऊन टाकू नये.

तिसरा टप्पा : टेकडीवरचे पाणी

मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान 'हँगिंग गार्डन' या नावाने सर्वांस ठाऊक आहे. झुडुपे कातरून केलेले हत्ती-घोडे पाहण्यात मुले रमतात. पण आपण उभे आहोत ती हिरवळ एका जलाशयाच्या छपरावर आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १८८० च्या दशकातील हा जलाशय दक्षिण मुंबईस पाणी पुरवितो आणि त्यावर उद्यान केल्यामुळे पाणी झाकलेले राहते. जलाशय टेकडीवरच का बांधला? गावातील नळयोजनेची टाकी उंचावर का असते, याचे उत्तर ज्यांना देता येते त्यांना याही प्रश्नाचे उत्तर देता येईल. समोरच १९५२ पासूनचे कमला नेहरू उद्यान असून तेथील म्हातारीचा बूट लहान मुलांना प्रिय आहे. त्याच्या परिसरात २०२५ च्या मार्च महिन्यात झाडीतून उंचावरून जाणारी सुमारे ४८५ मीटर लांबीची निसर्ग-पायवाट खुली झाली. एरव्ही खालून पाहावयाची झाडे तिच्यावरून शेंड्यांशी समपातळीत पाहता येतात.

टेकडीच्या टोकाशी बाणगंगेचा तलाव आहे. शिलाहारांच्या काळापासून त्याची परंपरा सांगितली जाते आणि १७१५ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. समुद्र येथून हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचे पाणी गोडे आहे. मुलांनी आधी अंदाज बांधावा आणि मग कारण शोधावे. पावसाचे पाणी टेकडीच्या खडकांतून झिरपत येऊन खाली झऱ्यावाटे प्रकट होते. तलावाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, तेव्हा मुलांना काठाशी जाऊ देऊ नये.

राणीबाग, म्हणजेच भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये सुरू झाले. मुलांना प्राण्यांची ओढ असतेच. त्यांना ते अवश्य दाखवावेत. परंतु गोरखचिंचेच्या झाडापाशी पाच मिनिटे थांबावे. मूळचे आफ्रिकेतील हे झाड आपल्या अवाढव्य बुंध्यात पाणी साठवून कोरडे दिवस काढते. "हेही एक टाकेच!" असे उद्गार एखाद्या मुलाने काढले, तर पाठ त्याच्या मनात उतरला असे समजावे.

चौथा टप्पा : मिठी नदी

पवई व विहार या तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यापासून निघणारी मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल व धारावी हा तिचा मार्ग. नकाशावर तिची वाट बोटाने गिरवताना विमानतळाजवळ तिला दिलेली कृत्रिम वळणे मुलांच्या ध्यानी येतील. नदी स्वभावतः अशी काटकोनात वळते काय, असे विचारावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वर्षभराच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी एका दिवसात कोसळले. त्याच दुपारी समुद्रास मोठी भरती होती. नदीचे पात्र भराव व अतिक्रमणे यांमुळे आकसलेले, काठची खारफुटी अनेक ठिकाणी बुजविलेली आणि गटारे प्लास्टिकने तुंबलेली होती. पाणी समुद्रात जाऊ शकले नाही आणि वस्त्यांत शिरले. शहरात शेकडो माणसे प्राणास मुकली. अनेक शाळांत मुले व शिक्षक रात्रभर अडकून पडले. पाऊस विक्रमी होता, यात शंका नाही. परंतु त्याची वाट माणसांनी अडविली होती, हेही तितकेच खरे. घमेल्यातील नालीच्या दोन्ही बाजूंस ठेवलेल्या खड्यांचा अर्थ मुलांना येथे आपोआप उमगेल. हा प्रसंग सांगताना शिक्षकांनी भीती दाखवू नये. कारणे एकेक करून फळ्यावर मांडावीत आणि त्यांतील निसर्गाची कोणती व माणसाची कोणती, याची विभागणी मुलांकडून करून घ्यावी.

मिठीच्या काठी धारावीजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एके काळी शहराचा कचरा टाकण्याची होती. तेथे माती घालून, झाडे लावून वन उभे करण्यात आले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट सावली, फुलपाखरे आणि पक्षी आहेत. एका बाजूस मलिन झालेली नदी आणि दुसऱ्या बाजूस कचऱ्यातून उभे राहिलेले वन, ही दोन्ही चित्रे मुलांना एकाच ठिकाणी दिसतात. माणसाच्या हाताने काय बिघडते आणि त्याच हाताने काय सुधारते, हे सांगण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज तेथे उरत नाही.

पाचवा टप्पा : खाडी

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये या खाडीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. हिवाळ्याच्या प्रारंभी रोहित, म्हणजेच अग्निपंख, येथे हजारोंच्या संख्येने येतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत राहतात. चिखलातील शेवाळ व सूक्ष्म जीव हे त्यांचे खाद्य असून पिसांचा गुलाबी रंग त्या खाद्यातूनच येतो. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने खाडीत जाता येते. होडीची वेळ भरती पाहून ठरते.

भरतीची वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरील जुनी रीत मुलांना अवश्य शिकवावी. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३. म्हणजे सुमारे ३ वाजता भरती आणि त्याआधी सुमारे सहा तास, म्हणजे ९ च्या सुमारास, ओहोटी. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. पाऊणकीचा पाढा असा खाडीच्या काठी उपयोगी पडलेला पाहून मुलांना मौज वाटेल. नेमकी वेळ मात्र छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकावरूनच पक्की करावी.

काठावरील तिवरांची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे मुलांना दाखवावीत. चिखलात हवा नसल्यामुळे झाड या मुळांनी श्वास घेते. हीच खारफुटी गाळ धरून ठेवते आणि लाटांचा मारा सोसते.

शिक्षकांसाठी सूचना

(१) राष्ट्रीय उद्यान सोमवारी व राणीबाग बुधवारी बंद असते. निघण्यापूर्वी वेळा, शुल्क व शाळांसाठीची सवलत यांची खात्री करून घ्यावी.
(२) एकच दिवस हाती असल्यास सकाळी कान्हेरी व दुपारी महाराष्ट्र निसर्ग उद्यान एवढेच पाहावे. थोडे पाहावे, पण पुरते पाहावे.
(३) दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस ठेवावे. माकडांना खाऊ देऊ नये आणि अरण्यात एकट्याने मागे राहू नये.
(४) प्रत्येक मुलाने पाण्याची बाटली घरून आणावी आणि परत न्यावी.

गावी परतल्यावर

सहलीचा खरा स्वाध्याय गावात आहे. पुढील आठवड्यात वर्गाने गावच्या ओढ्यावर जावे आणि वरच्या अंगाला, गावालगत व खालच्या अंगाला अशा तीन जागी तेच चार प्रश्न विचारावेत. तिन्ही जागचे पाणी स्वच्छ बाटल्यांत घेऊन शेजारी-शेजारी ठेवावे आणि त्यांचा रंग, वास व गाळ यांची नोंद कोष्टकात करावी. पात्र कोठे अरुंद झाले आहे, कोणी भराव टाकला आहे काय, प्लास्टिक कोठे अडकले आहे, हे गावच्या नकाशावर खुणांनी दाखवावे. पूर्वी ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे, हे घरातील आजी-आजोबांना विचारून लिहून आणावे.

हा नकाशा व कोष्टक शाळेच्या भिंतीवर लावावे आणि त्याची एक प्रत ग्रामसभेपुढे ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांनी सरपंचांना करावी. मिठीची वाट आकसण्यास कित्येक वर्षे लागली, आणि त्या काळात ती रोज पाहणारी माणसे काठावरच राहत होती. गावच्या ओढ्याची वाट दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा मोजून पाहणारा एक वर्ग जरी प्रत्येक शाळेत तयार झाला, तरी त्या ओढ्याच्या बाबतीत तसे घडणे कठीण होईल.